बरणीचं दावं

सावंतवाडीच्या चितारआळीत बरणी म्हटलं की पूर्वी लोणचं आठवायचं, आता वीज आठवते. ‘आमच्या दोन बरण्या भरलेल्या आहेत, तुझा मिक्सर इकडेच आण,’ असं एक बाई दुसरीला कुंपणावरून सांगते आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. समुद्रावरून वर्षाला तीन-तीन वादळं येऊ लागली, एकदा आडवे झालेले खांब पंधरा-पंधरा दिवस उभे राहीनासे झाले, आणि परदेशातून येणाऱ्या बॅटऱ्या यायच्या थांबल्या, तेव्हापासूनची ही गोष्ट.

सुरुवात मात्र खरोखरच्या लोणच्याच्या बरणीपासून झाली. शलाका लग्न होऊन कराडहून या घरात आली, त्याच वर्षी सलग अकरा दिवस दिवे नव्हते. बाराव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली तर तिचा नवरा, निनाद, आईंची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, काचेची मोठी बरणी पालथी घालून पुसत होता. त्याने तिला आतून-बाहेरून चांदीसारखा कागद चिकटवला, आत मिठाचं पाणी ओतलं, झाकणातून साखळी सोडली आणि प्लास्टिकचा पाइप लोकरीच्या टोपीवर घासघासून तिला वीज पाजली. साखळीशी चमचा नेला, तर चट्‌कन निळी ठिणगी उडाली.

तेवढ्यात आई आत आल्या.

“लोणचा खंय ओतलंस, मेल्या?”

“पातेल्यात.”

“आणि ह्या बरणीत काय आसा?”

“वीज.”

“ती काय भाकरीवांगडा खावची?”

शलाका पदर तोंडाला लावून हसली. आईंनी तिच्याकडे पाहिलं. “हस गो, हस. घाटावरच्यांका लोणच्याची किंमत काय कळतली!” पण त्याही हसत होत्या.

निनादचे वडील लाखकाम करायचे. लेथवर लाकूड गरगर फिरत असायचं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची, घर्षणाने लाख वितळून पसरायची आणि लाकडाला काचेसारखा थर चढायचा. पोळपाट, बाजारात मिळणारी लाकडी फळं, भातुकली, सगळं त्यांच्या हातांनी झालेलं. ते गेल्यावर लेथ धूळ खात पडला होता, म्हणून निनाद पुण्याची इलेक्ट्रॉनिक्समधली नोकरी सोडून घरी आला. लेथ चालवावा, एवढाच त्याचा विचार होता. पण बरणीने त्याला झपाटलं.

कपॅसिटर म्हणजे तसं काही अवघड प्रकरण नाही. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये वीज वाहू न देणारा एक थर घालायचा. एका पत्र्यावर धन भार साठतो, दुसऱ्यावर ऋण. दोघे एकमेकांना ओढत राहतात, पण मधला थर त्यांना भेटू देत नाही. या अडलेल्या ओढीतच ऊर्जा साठते. पत्र्यांना फारसं महत्त्व नाही, खरी करामत असते ती मधल्या थराची. थर जितका पातळ आणि जितका सोशीक, तितकी साठवण जास्त. शलाका भौतिकशास्त्राची पदवीधर. निनाद बनवायचा, ती मोजायची. खोबरेल तेलात भिजवलेला कागद, मेण, दुधाच्या पिशव्या, अभ्रकाचे तुकडे, गावातल्या फोटोवाल्याच्या जुन्या फिल्म्स, सगळं झालं. तिच्या वहीत शेवटी तीनशे बारा नोंदी झाल्या आणि त्यातल्या तीनशेंच्या पुढे ‘फुटला’ असं लिहिलेलं होतं.

मग त्याने किनाऱ्यावरची काळी रेती आणली. तिच्यात टायटॅनियम असतं. ती भाजून, धुऊन, तिच्यातून पांढरी भुकटी काढून त्याने ती लाखेत कालवली आणि लेथवर फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर थर चढवला. आकडे बरे आले, पण थर मध्येच फाटायचा. निनाद कापडाने पुसत बसला होता, तेव्हा ताक घेऊन आलेल्या आई दारातच थबकल्या.

“कापडान काय पुसतंस? तुझो बापूस केवड्याचा पान लावी.”

त्यांनी स्वतः पान आणलं, काटे काढले, फिरत्या नळकांड्यावर सपाट दाबून धरलं. त्या दिवशी शलाकाच्या मीटरवर जो आकडा आला तो तिने चार वेळा पुन्हा मोजला. केवड्याच्या पानाचे उभे तंतू वितळत्या लाखेतले रेणू विंचरल्यासारखे एका ओळीत बसवत होते. असे दोनशे थर एकावर एक चढवले, की पाण्याच्या तांब्याएवढ्या नळकांड्यावर एका घराचे दिवे आणि पंखे रात्रभर चालतील एवढी वीज मावत होती. त्या नळकांड्याला नाव मात्र बरणी हेच राहिलं, आणि तीन वर्षांत आळीतल्या त्रेचाळीस घरांत अशा बरण्या गेल्या. पत्रकार येत, तेव्हा निनाद सांगायचा, “शोध माझ्या आईचा आहे.” आई पदर सावरून म्हणायच्या, “गप रे,” आणि पत्रकाराला आणखी एक लाडू वाढायच्या.

बरणीत एक खोड होती.

ती शलाकाला पहिल्यांदा दिसली. बरणी पूर्ण रिकामी करून तिने मीटर लावला, तेव्हा काटा शून्यावर होता. जेवून येऊन पाहिलं, तर काटा शंभराच्या पुढे गेलेला. मध्ये कुणी बरणीला हातसुद्धा लावलेला नव्हता.

“भूत आहे,” निनाद म्हणाला. मग तीन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याला उलगडा झाला. त्यांची मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. तिचं नावही त्यानेच ठेवलेलं, रेणू. आई म्हणत होत्या, “रेणुका ठेवा, देवीचा नाव तरी होतला.” पण तो म्हणाला होता, “आई, जगात जे जे आहे ते रेणूंचंच आहे.”

पाळण्यात कुशीवर झोपलेल्या लेकीकडे बोट दाखवून त्याने शलाकाला सांगितलं, “हे बघ. लाखेचे रेणू हिच्यासारखे आहेत. वीज दिली की सगळे एका कुशीला वळतात. वीज काढून घेतली की वरवरचे, मोकळे असलेले लगेच सरळ होतात. पण आतले, दाटीत अडकलेले? त्यांना पत्ताच नसतो वीज गेल्याचा. ते तसेच वळलेले. मग सावकाश, एकेक करून सरळ होतात, आणि सरळ होता होता पत्र्यांवर पुन्हा वीज ढकलतात. प्रत्येक कपॅसिटरमध्ये थोडंफार असतं हे. शंभरात एक, दोन. आपण दोनशे थर विंचरून बसवलेत ना, म्हणून आपली बरणी तिसरा हिस्सा परत देते.”

“आणि किती दिवस देते?”

“पूर्ण विसरायला नऊ दिवस.”

म्हणून नियम ठरला. बरणी रिकामी करण्याला ते ‘निजवणं’ म्हणायचे. निजवली की तिच्या दोन्ही टोकांना तांब्याची उघडी तार पिळून बांधायची, म्हणजे आतून जी वीज हळूहळू वर येईल ती त्याच क्षणी निघून जाईल. गुरांना बांधतात तसं म्हणून निनाद त्या तारेला ‘दावं’ म्हणायचा. शलाकाने चिठ्ठ्या छापून घेतल्या: ‘बरणी निजली तरी दावं सोडू नये.’ त्रेचाळीस घरांत ती चिठ्ठी बरणीच्या पोटाला चिकटवलेली होती. स्वतःच्या घरात मात्र नव्हती. इथे ती कुणी वाचायची? आईंच्या स्वयंपाकघरातली बरणी सदा जागी, रात्रंदिवस वापरातली. तिला दावं बांधायची वेळच कधी आली नव्हती, आणि लेथच्या खोलीत त्या केर काढण्यापलीकडे लक्ष घालत नसत.

खंडेनवमीला हत्यारांना विसावा द्यायचा, ही त्या घराची रीत. आदल्या संध्याकाळी निनादने खोलीतल्या चाचणीच्या बाराही बरण्या निजवल्या. त्या लोखंडी चौकटीत, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग जोडलेल्या होत्या, म्हणजे बारा जणींचा जोर एकवटायचा, आणि शेवटचीचं टोक चौकटीला जोडलेलं होतं. प्रत्येकीला दावं बांधून तो म्हणाला, “उद्या तुमची पूजा, नंतर सुट्टी.”

सकाळी रेणू किरकिरत होती. सात महिन्यांची झाली होती, हिरड्या शिवशिवत होत्या. शलाका तिला अंगावर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. बाहेर न्हाणीजवळच्या दगडावर आई चिंच-मिठाने तांब्याची भांडी घासत होत्या. तिथून त्यांनी काहीतरी मोठ्याने विचारलं. रेणूच्या रडण्यात शलाकाला शब्द कळले नाहीत. “बरं, आई,” ती म्हणाली, जशी दिवसातून वीस वेळा म्हणायची.

निनाद आंघोळ करून ओल्या अंगानेच आला, पाट मांडला, हत्यारांना हळदकुंकू लावायला सुरुवात केली. लेथ, पटाशी, करवत. आईंनी बरण्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, अगदी टोकापासून टोकापर्यंत, खाली काय आहे ते दिसू नये इतक्या दाट. डावा हात लोखंडी चौकटीवर ठेवून त्याने उजव्या अनामिकेने पहिल्या बरणीच्या टोकाला कुंकू लावलं.

शलाकाने फक्त पाट सरकल्याचा आवाज ऐकला.

दुपारी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी रेणूसाठी पाणी मागितलं म्हणून शलाका न्हाणीकडे गेली. दगडावर, घासलेल्या कलशाच्या शेजारी, बारा तारा एका ओळीत उन्हात वाळत घातलेल्या होत्या. सोन्यासारख्या लखलखत होत्या.

मग तिने त्या गोळा केल्या आणि बाळाच्या लंगोटांच्या गाठोड्यात खुपसल्या.

*

तेरा दिवस आई आपल्या गेलेल्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारत राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला, भिंतीला, ताटातल्या भाताला.

“तेचा चुकला काय? माका कोणीतरी सांगा. माझ्या झिलाचा चुकला काय?”

लोक आपापल्या परीने उत्तर देत. कुणी म्हणे समुद्राची रेती घरात आणू नये. कुणी म्हणे यंत्राला कुंकू लावणंच चूक. आई ऐकून घेत, मान हलवत, आणि पुढच्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारत. तारा त्यांच्या मनातसुद्धा नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी तीन कलश, दोन ताम्हनं, पळी-पंचपात्र, समई आणि बारा तारा घासल्या होत्या. सणाचं काम, हाताने केलं आणि हात विसरले.

शलाकाला उत्तर ठाऊक होतं. पहिले काही दिवस ते तिच्या जिभेवर होतं. रागाच्या भरात एकदा ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलीही. आत आई रेणूला मांडीवर पालथी घालून तेल चोळत होत्या, पुटपुटत होत्या, “तुझो बापूसय असोच होतो गो, असोच गुबगुबीत. ह्याच मांडयेर.” शलाका दारातच थांबली. उद्या रेणूच्या बाबतीत असं झालं तर? आपण प्रेमाने काहीतरी घासूनपुसून ठेवलं, आणि त्यापायी... तिला विचार पुरा करवेना. दूध उतरून पोलकं भिजलं होतं. ती तशीच मागे फिरली.

हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिने तेव्हा ठरवलं. बरणी फुटली, थर फाटला, लाख कच्ची निघाली, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. निनादच्या कामाला बट्टा लागेल, लागू दे. तो काही ऐकायला नाही.

पण बट्ट्यावर भागलं नाही. चौकशी समिती नेमली गेली आणि तिने आळीतल्या सगळ्या बरण्या निजवून जमा करायला सांगितल्या. दोनच दिवसांनी गावड्यांचा बाबली हात गळ्यात बांधून आला. शेजारचाच, रिक्षा चालवायचा.

“वहिनी, माका मेलेल्या बरणीन लाथ मारल्यान,” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “मीच निजवलंय, मीच दावा बांधलंय. पोत्यात भरताना तार टोचता म्हणान काढून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी उचलूक गेलंय, तर पायऱ्यांवरसून खाली! हाड मोडला हयसर.” त्याने गळ्याजवळ बोट लावलं. “चिठ्ठी वाचलेली ओ मी. पण माका वाटला, ती आपली लिवलेली असता. औषधाच्या बाटलेर लिवतत तशी.”

शलाकाने त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्रेचाळीस घरं, शंभरावर बरण्या, पोत्यांत, पडव्यांत, पोरांच्या पायाशी. सगळ्या ‘मेलेल्या’. दावं का बांधायचं हे लोकांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं, नुसतं बांधायला सांगितलं होतं. आता ती गप्प बसली तर पुढच्या घरातली आई तोच प्रश्न विचारत बसेल.

तिने समितीच्या केरकर मॅडमना फोन केला. “तुम्ही घरी या. मला काही दाखवायचंय.”

*

केरकर मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. बरोबर एक लिहून घेणारा सहायक. लेथच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या, ते शलाकाला बरं वाटलं. आई उंबऱ्यावर रेणूला घेऊन बसल्या. “आई, तुम्ही आत पडा जरा,” शलाका दोनदा म्हणाली. त्या हलल्या नाहीत.

शलाकाने एक बरणी भरली, निजवली, आणि दोन्ही टोकांना मीटर लावला.

“शून्य,” मॅडम म्हणाल्या.

“आता हात मागे घेऊन बसू.”

रेणू आजीच्या बांगड्या चोखत होती. काटा थरथरला, हलला आणि हळूहळू चढू लागला. दहा. पंचवीस. चाळीस. सहायकाचं पेन थांबलं.

शलाकाने सगळं सांगितलं. कुशीवर वळलेले रेणू, दोनशे थर, नऊ दिवस. तिचा आवाज कुठे अडखळला नाही. जणू निनादच तिच्या तोंडून बोलत होता. शेवटी ती म्हणाली, “थरात दोष नाही, मॅडम. लाख फाटलेली नाही. दावं असेल तर बरणी गाईसारखी गरीब आहे. नसेल तर ती निजत नाही, निजल्यासारखं दाखवते. हे घराघरांत जाऊन, असंच मीटर लावून दाखवायला हवं. चिठ्ठीने होत नाही.”

मॅडमनी बराच वेळ काट्याकडे पाहिलं. “त्या दिवशी बारा बरण्या होत्या. दावी होती?”

उंबऱ्यावरून आईंचा आवाज आला. अगदी हळू. “तारो... तांब्याच्यो, त्यो?”

शलाका उंबऱ्याकडे वळली.

“त्यो तारो बांधलेल्यो असत्यो, तर?”

आईंचे डोळे काट्यावर होते. तो ऐंशीच्या पुढे गेला होता. त्यांचे ओठ हलले. “त्यो तर मी...”

“मी काढल्या,” शलाका म्हणाली.

सहायकाने मान वर केली.

“तारा मी सोडल्या, मॅडम. सकाळी. काळ्या पडल्या होत्या, पूजेला चांगल्या दिसाव्यात म्हणून. आईंना घासायला नेऊन दिल्या आणि परत बांधायच्या विसरले.”

“मी घासलंय त्यो,” आई म्हणाल्या. त्या आता शलाकाकडे बघत होत्या. “मी घासलंय.”

“घासल्यात तुम्ही, आई. पण आणून मी दिल्या. तुम्हाला काय ठाऊक त्या कसल्या. तुम्ही विचारलंत पण मला. मी ‘बरं’ म्हटलं. आठवत नाही?”

आईंच्या चेहऱ्यावर काहीतरी चाचपडत राहिलं. त्यांनी विचारलं होतं, तेवढं त्यांना आठवत होतं. ‘बरं’ ऐकलं होतं, तेही आठवत होतं. त्याच्या अलीकडचं, पलीकडचं सगळं त्या दिवसाने पुसून टाकलं होतं.

मॅडम शलाकाकडे रोखून पाहत होत्या. “दावं सोडू नये ही चिठ्ठी कुणी लिहिली?”

“मी.”

“ही खोड पहिल्यांदा मोजली कुणी?”

“मीच.”

“आणि तुम्हीच बाराही सोडल्यात?”

“बाळ लहान आहे, मॅडम. झोप नसते. डोकं ठिकाणावर नव्हतं.”

मॅडमनी तिच्याकडे आणखी एक क्षण पाहिलं, मग उंबऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. शलाकाला वाटलं, यांना कळलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “मला हे असंच लिहावं लागेल. आणि मग बरण्यांचं काम तुमच्या हाती राहणार नाही. ज्या माणसाने नियम मोडल्यामुळे जीव गेला, त्याला पुन्हा इथे उभं करता येत नाही. विचार करून सांगा.”

“विचार केलाय.”

“लिहा,” मॅडम सहायकाला म्हणाल्या.

त्या गेल्यावर खोलीत दोघीच उरल्या. शलाकाने बरणीला दावं बांधलं. आई उठल्या. रेणूला त्यांनी जमिनीवर बसवलं, पदर झटकला.

“बरा झाला, कळला,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस इचारत होतंय, कोण सांगी नाय. तुका ठावक होता आणि तू गप रवलंस.”

“हो.”

“मी तुका शाप देवचंय नाय. लहान पोर आसा तुझ्या पदरात. पण तुझ्या हातचा पाणी पिवाक माझ्याच्यान होवचा नाय.”

“बरं, आई,” शलाका म्हणाली.

*

समितीचा अहवाल आला. बरण्यांवर बंदी आली नाही. आळीतल्याच सहा बायकांना मॅडमनी तयार केलं. त्या मीटर घेऊन घरोघर गेल्या, लोकांना काटा चढताना दाखवला. लेथ त्यांनी नगरपालिकेच्या खोलीत नेला. नेताना त्यांच्यातल्या एकीने शलाकाला विचारलं, केवड्याचं पान कोवळं घ्यायचं की जून. दुसऱ्या दोघींनी तिला डोळ्यांनी दटावलं. शलाकाने वही त्यांच्या हातात दिली. तीनशे बारा नोंदींची.

ती शाळेत शिकवायला जाऊ लागली. घरात दोन चुली झाल्या. आईंनी आपला हंडा वेगळा केला, तांब्या वेगळा केला. बोलणं गरजेपुरतं, तेही रेणूच्या आडून. “सांग तुझ्या आवशीक, दूध उतू जाता.” रोज सकाळी त्या शलाकाच्या दाराशी येत, आत न बघता दोन्ही हात पुढे करत. शलाका रेणूला त्या हातांत देई. पलीकडून तेलाचा वास येई, रेणूचं खिदळणं येई, आणि आईंचं पुटपुटणंही. आता त्या ‘तेचा चुकला काय’ असं विचारत नसत. त्या जेवत, थोडं झोपत. एकदा मधल्या भिंतीपलीकडून त्या कुणाला तरी सांगत होत्या ते शलाकाच्या कानी पडलं. “माझ्या झिलाचा काय एक चुकला नाय.” आवाज ताठ होता. शलाका भिंतीला कान लावून ते वाक्य विरेपर्यंत उभी राहिली. तेवढ्या एका वाक्यासाठीच तर सगळं केलं होतं. तरीही तिला खूप वेळ रडू आलं.

आमसुलं वाळत घालायचे दिवस आले. मे महिना, अंगणात चटई, चटईवर रतांब्यांच्या साली. आई एका टोकाला, शलाका दुसऱ्या. रेणू आता चालायला लागली होती, दोघींच्या मधून लाल हातांनी ये-जा करत होती.

“कशातसून हाडलंस?” आईंनी एकदम विचारलं.

रेणूच्या आडून नव्हे. थेट. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

शलाकाचा हात सालींवर थांबला. “काय, आई?”

“तारो. माका घासूक हाडून दिलंस, त्यो. हातातसून हाडलंस की कशातसून? मी लय आठवतंय, माका दिसणा नाय. रातभर आठवतंय. मी तुका इचारलंय, तू बरा म्हटलंस. पण तू हाडतंस, ता माका दिसणाच नाय.”

त्या तिच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. बुडणारं माणूस काठाकडे बघतं तसं. शलाकाला कळलं की आता गप्प राहिलं, किंवा नुसतं ‘आठवत नाही’ म्हटलं, तर या बाईला एक दिवस सगळं लख्ख दिसेल. आपलेच हात दिसतील.

“टोपलीतून आणल्या,” ती म्हणाली.

“खयच्या टोपलेतसून?”

“बांबूच्या. छोटी होती ती. एका बाजूने कड तुटलेली.”

आईंनी न्हाणीजवळच्या दगडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रेणू येऊन त्यांच्या मांडीत बसली, तरी नजर तिथेच.

“तिका सुतळी बांधलेली,” त्या सावकाश म्हणाल्या.

“हो. सुतळी बांधलेली.”

“होय.” आईंनी डोळे मिटले. खांदे एकदम सैल झाले. “आठवला. आठवला गो माका.”

आणि त्या रेणूच्या केसांत तोंड खुपसून रडू लागल्या, मुलगा गेल्यापासून प्रथमच, मोठमोठ्याने. शलाका जागची हलली नाही. सालींचा लाल रस तिच्या मनगटापर्यंत ओघळला होता.

तशी टोपली त्या घरात कधीच नव्हती.